तो पिंगळा मीही पाहिला होता

प्रिय जिजी,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुला पहिलंच पत्र लिहितोय. तू होतीस तेव्हा आपण एका घरात राहत होतो, एका तव्यावरची भाकरी खात होतो. भावाने बहिणीला पत्र लिहावं असं अंतरच नव्हतं. की होतं? तीस वर्षं एक गोष्ट आपल्या दोघांमध्ये बसून होती. तिच्याबद्दल तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात पेपरात एक बातमी आली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून सकाळचा पेपर मेधा वाचून दाखवते. मेधा म्हणजे माझी नात, आपल्या सुरेशची मुलगी. तू गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती, आता अकरावीत आहे. ती वाचत होती, की खानदेशातल्या सातपुड्यात एक लहान घुबड सापडलं आहे, शंभराहून जास्त वर्षं ते कोणाला दिसलंच नव्हतं, जगातून संपलं असंच सगळे धरून चालले होते. पेपरवाल्यांनी त्याला रानपिंगळा म्हटलं होतं. फोटो होता. मी पेपर हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"सौ साल कोणालाच दिसला नाही आजोबा, सोचो," मेधा म्हणाली.

मी "हं" म्हणालो. तेवढंच. जिजी, मी पुन्हा एकदा गप्प बसलो. आणि त्या "हं"ची मला जी लाज वाटली, तिच्यामुळे हे पत्र लिहितोय.

तुला आठवतं, मला पक्षी बघायला तूच शिकवलंस? आई मला आठवत नाही. अण्णा दवाखान्यात कंपाउंडर होते, ते गेले तेव्हा मी सहावीत होतो आणि तू इतवाऱ्यातल्या मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाली होतीस. तुझं लग्न ठरत होतं. ते का मोडलं हे मला कोणी सांगितलं नाही, पण मला कळत होतं. सहावीतल्या भावाला बरोबर घेऊन येणारी नवरी कोणाला हवी होती?

रविवारी सकाळी तू मला तापीवरच्या राजघाटावर न्यायचीस. बायका कपडे धुवायच्या, आणि त्यांच्या पुढ्यात धोबी पक्षी शेपूट हलवत फिरायचे. "नुसतं बघून काय करून राहिला? सांग मला, छाती पिवळी की पांढरी?" तू विचारायचीस. मी चुकलो तर रागावायची नाहीस. म्हणायचीस, "परत बघ. पक्षी कुठं पळून नाही चालला." खरं तर पळूनच जायचा.

ती दुर्बीण तू लढाईनंतर जुन्या बाजारात घेतलीस. कुठल्यातरी फौजी माणसाची होती, उजवी काच धुरकटलेली. तू उजवा डोळा मिटून बघायचीस, म्हणून घाटावरची पोरं तुला कानी मास्तरीण म्हणायची. तू हसायचीस. मी मात्र चार पावलं लांब उभा राहायचो, बरोबर नसल्यासारखा. तेव्हापासूनच मी तसा होतो का गं?

मग छप्पन सालचा तो हिवाळा आला. नवं राज्य झालं तो.

तेव्हाची आपल्या गल्लीतली हवा तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होती. भाषेवरून राज्यांची फेरवाटणी झाली; नागपूर-अकोला तिकडे मराठी मुलखात गेलं, आपण इकडे हिंदी राज्यात राहिलो. राजधानी भोपाळला. जो तो विचारत होता, तुम्ही थांबणार की जाणार? समोरचे पोस्टमास्तर सामान बांधून अकोल्याला गेले. तुझ्या शाळेत मराठीचे वर्ग राहतील की नाही, कोणाला माहीत नव्हतं. मी जंगलाच्या कचेरीत कारकून होतो, दोन वर्षांची कच्ची नोकरी. चार जुन्या राज्यांचे नोकर एकत्र करून नवी यादी बनत होती. यादीत नाव आलं तर पक्का, नाही तर घरी. रोज संध्याकाळी मी हिंदी टायपिंग शिकायला जायचो आणि रोज सकाळी कचेरीत शिरताना आधी यादी लागली का ते बघायचो.

नवे साहेब ग्वाल्हेरकडून आले होते. माणूस वाईट नव्हता, हे आज चाळीस वर्षांनी कबूल करतो. शिकलेले होते, बंदूक उत्तम चालवायचे, पक्ष्यांचा त्यांना नाद होता. देडतलाई गावाच्या पलीकडे तापी जिथे डोंगर कापून खाली येते, ती घळ राखून ठेवावी, तिथे नॅशनल पार्क करावं, अशी बोलणी वर कुठेतरी चालू होती. तिथे काय काय आहे ते बघून साहेबांनी अहवाल पाठवायचा होता. त्यासाठी नाताळात आठ दिवस तिथे तंबू ठोकायचे ठरले.

मीच पुढे होऊन बोललो. "साहब, मेरी बहन चिड़ियों के बारे में बहुत जानती है." का बोललो? तुझा अभिमान म्हणून? नाही जिजी. साहेबांच्या नजरेत यावं म्हणून.

ते हसले आणि म्हणाले, "तो लेकर आइए बहनजी को."

तुझा तो आनंद मी कधी विसरलो नाही. शाळेला सुट्टी होती. तू अण्णांचा लोकरीचा कोट बाहेर काढलास, बाह्या दोनदा दुमडल्यास. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधलास. मोटारीत देडतलाईपर्यंत तू खिडकीशी लहान मुलीसारखी बसली होतीस. बत्तीस वर्षांची होतीस तू, आणि घर, शाळा, घाट यांच्या पलीकडे कुठे गेली नव्हतीस.

पुढे बैलगाडी. घळीच्या तोंडाशी सोमा उभा होता, जंगल चौकीवरचा कोरकू चौकीदार. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. तुझ्या तंबूत सोबतीला त्याची बायको राहणार होती. दोन्हीकडे काळे कडे, मध्ये नदी, कडेला वाळूची पट्टी आणि तिच्यावर आपले चार तंबू. सकाळी पाण्यावरून इतकी वाफ निघायची की समोरचा काठ दिसायचा नाही, नुसता चक्रवाकांचा आवाज यायचा. तू पहाटे उठून कोटाच्या खिशात हात घालून वाळूवर उभी असायचीस. धुकं वर चढलं की एकेक पक्षी दिसायला लागायचा आणि तू हळू आवाजात नावं सांगायचीस. सोमा प्रत्येकाचं कोरकू नाव सांगायचा. तू दोन्ही लिहून घ्यायचीस.

तिसऱ्या दिवशी तू, मी आणि सोमा नदी सोडून वरच्या उतरणीवर गेलो. साग होता आणि मध्येमध्ये सलई, सलईची पानं गळून गेलेली. ऊन चांगलं वर आलं होतं. तू एकदम थांबलीस आणि माझा दंड धरलास.

उघड्या सलईच्या फांदीवर एक पिंगळा बसला होता. भर उन्हात, आरामात, शेपूट झटकत.

तू खूप वेळ बघितलंस. मग दुर्बीण माझ्या हातात दिलीस. "मी काही सांगणार नाही मधू. तू बघ आणि तुला काय दिसतं ते सांग."

मी बघितलं. मी सांगितलं, "डोकं साधं आहे. आपल्या घराजवळच्या पिंगळ्यासारखे ठिपके नाहीत. पंखावर जाड पट्टे आहेत. पोट पांढरं. पाय केसाळ, नखं मोठी." तू माझा शब्द न् शब्द लिहिलास. तेवढ्यात तो खाली झेपावला, सरडा घेऊन परत त्याच फांदीवर बसला. दहा हातांवर होता. त्याच्या चोचीत सरड्याची शेपटी वळवळत होती, तेही मी पाहिलं.

तू दगडावर बसलीस. तुझ्या शाळेतल्या हेडमास्तरांच्या कपाटातलं पक्ष्यांवरचं ते जुनं इंग्रजी पुस्तक तू शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं होतंस. म्हणालीस, "हा आपल्याच डोंगरांत मिळाला होता मधू, इंग्रजांच्या काळात. मग कोणाला दिसला नाही. पुस्तकात लिहिलंय, पुन्हा दिसला नाही."

"ये तो यहीं रहता है बाई," सोमा म्हणाला. "मेरा बाप भी देखा."

तू हसलीस आणि डोळे पुसलेस. आणि मला म्हणालीस, "तू पाहिलास हे बरं झालं. मी एकटीने पाहिला असता तर कोणी मानलं नसतं."

हे वाक्य तू का बोललीस गं जिजी? हे बोलली नसतीस तर मला निदान काही पळवाट राहिली असती.

साहेब तंबूबाहेर टेबल टाकून नकाशा बघत होते. तुला त्यांनी मानाने खुर्ची दिली. तू सगळं सांगितलंस, हिंदीत, अडखळत. ते ऐकता ऐकता हसायला लागले. "बहनजी, वह तो कब का खत्म हो गया. आपने आम पिंगळा देखा होगा. अच्छा, किस जगह?"

तू नकाशावर बोट ठेवलंस. त्यांचं हसू गेलं. त्या उतरणीवरच्या सागाचा ठेका आधीच देऊन झाला होता, उन्हाळ्याआधी कटाई व्हायची होती. ते मला माहीत होतं, कागद माझ्याच हाताखालून गेला होता. तुला माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "साहेब, एवढी उतरण सोडून द्या. बाकी काही मी मागत नाही."

साहेब उठले आणि बंदूक घेऊन आले. "चलिए, दिखाइए. मारकर हाथ में लेंगे, फिर मान लूँगा. शास्त्र का यही तरीका है."

"मी नाही दाखवणार," तू म्हणालीस. मराठीतच म्हणालीस. "एकच पाहिलाय मी. तो मारून काय सिद्ध करायचं?"

एवढ्या मोठ्या माणसाला कोणी समोरासमोर नाही म्हणताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि ती माझी बहीण होती.

साहेबांनी सोमाला विचारलं. सोमाने हात जोडले, पण बोलला सरळ. "देखा है साब. बाई सच बोलती है. सिर पर ठिपके नहीं है उसके."

"तुम्हारे लिए तो सब उल्लू बराबर," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मधुकर बाबू, आप पढ़े-लिखे आदमी हैं. दूरबीन से आपने देखा? आप कह दें तो मैं रिपोर्ट में लिख दूँगा. बोलिए."

खरं सांगतो, त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की होती. पण नव्हती. मी हो म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी लिहिलंही असतं. मला फक्त यादी दिसत होती. पुढच्या महिन्यात जाणारी यादी आणि तिच्याखाली त्यांची सही.

मी म्हणालो, "साहब, धूप आँख पर थी. ठीक से दिखा नहीं. मुझे तो मामूली पिंगळा ही लगा."

तू माझ्याकडे बघितलंस. राग असता तर मी सहन केला असता. तू घाटावर बघायचीस तसं बघितलंस, परत बघ, परत सांग, असं. मी खाली वाळूकडे बघत राहिलो. मग तू वही मिटलीस, उठलीस, साहेबांना नमस्कार केलास आणि तंबूत गेलीस.

दुसऱ्याच दिवशी आपण परतलो. मोटारीत थंडी होती. तू अण्णांचा कोट काढून माझ्या अंगावर टाकलास आणि म्हणालीस, "घे. तुला ताप आल्यासारखा दिसतो." त्या दिवसाबद्दल तू बोललेलं तेवढंच. एकदा तरी मला खोटारडा म्हणायचं होतंस जिजी. तू का नाही म्हणालीस? माझ्यावर इतकी दया करायचा तुला काय अधिकार होता?

अहवाल मीच टाइप केला. "कोई उल्लेखनीय पक्षी नहीं मिला." हे वाक्य माझ्या बोटांनी उमटवलंय. कोणी मला दटावून बसवलं नव्हतं, ते माझं कामच होतं. नॅशनल पार्कची बोलणी विरून गेली. त्या एका पक्ष्याने ती टिकली असती असं मी म्हणत नाही. पण उतरण कदाचित वाचली असती. चैत्रात तिथला साग तुटला, सलयाही पडल्या. यादीत माझं नाव आलं. मी मावा जिलेबी घेऊन घरी आलो. तू सगळ्या गल्लीत वाटलीस. स्वतः खाल्लीस का? मी बघायचं टाळलं.

आणि सोमा. साहेबांसमोर बोलल्याबद्दल त्याला कोणी उघड काही म्हटलं नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी चौकीवर दुसरा माणूस आला आणि सोमा मजुरीला लागला. मला कचेरीत कळलं. तुला मी सांगितलं नाही. तुला तरीही कळलं. दर हिवाळ्यात तू एकदा देडतलाईच्या बाजाराला जायचीस, सोमाच्या बायकोला लुगडं घेऊन. मला कधी चल म्हणाली नाहीस. राजघाटावरही नाही. मी पाठीमागून दाराशी उभा राहायचो आणि तू दुर्बीण गळ्यात घालून एकटी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी व्हायचीस.

मी पक्का झालो, हेडक्लार्क झालो, रिटायर झालो. तुझ्या शेवटच्या आजारात तीन महिने तुझ्या उशाशी बसलो. रोज ठरवायचो, आज बोलायचं. तू खिडकीतून चिमण्या बघायचीस आणि मी औषधाची वेळ झाली का ते बघायचो. मी वाट बघत होतो की तू विषय काढशील. लाज मला वाटायची आणि विषय तू काढायचास, असा माझा हिशेब होता.

त्या बातमीनंतर चार रात्री मला झोप लागली नाही. पाचव्या दिवशी मेधाला घेऊन मी देडतलाईला गेलो. तिला वाटेत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण आजोबा, तुम्हाला दिसला होता ना?" मी म्हणालो, "हो." "मग?" तिने विचारलं. यादी, साहेब, नवं राज्य, हे सगळं मी तिला समजावू लागलो आणि मधेच थांबलो. ते ऐकताना मलाच कंटाळा आला.

सोमा आहे अजून. त्याला फारसं दिसत नाही, बायको गेली, मुलाकडे असतो. अंगणात उन्हात बसला होता. मी नाव सांगितलं तेव्हा त्याने हात पुढे करून माझं मनगट धरलं.

मी म्हणालो, "सोमादादा, उस दिन साहब के सामने मैं झूठ बोला था. माझ्यामुळे तुझी चौकी गेली."

"मालूम है," तो म्हणाला. "बाई हर साल आती थी ना. पहले साल मैं बहुत गुस्सा था. बाई बोली, मधू डर गया था. बोली, उसको डरना मैंने ही सिखाया, बाप मरने के बाद बहुत सँभाल के रखा."

तू माझी चूकही स्वतःच्या अंगावर घेतलीस. ती तुझी नव्हती जिजी. तू मला कोणाला घाबरायला शिकवलं नाहीस. बंदुकीसमोर नाही म्हणताना मी तुला बघितलं होतं, आणि तरीही मी मान खाली घातली. ती माझीच होती, आणि माझ्याचकडे राहू दे.

सोमाने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. चहा पिताना एवढंच म्हणाला, की साग तुटल्यावर पक्षी नाल्याच्या पलीकडे गेला, आणि डोळे गेल्यापासून त्याला तो जास्त ऐकू येतो. मेधाने त्याला पेपरातली बातमी वाचून दाखवली. शंभर वर्षं कोणाला दिसला नाही, हे ऐकून तो हसला. "कोणाला म्हणजे?" त्याने मराठीत विचारलं.

तर जिजी, आता मी काय करणार ते सांगतो. ज्यांनी तो पक्षी शोधला त्यांचा पत्ता मेधा मिळवते आहे. त्यांना मी पत्र लिहिणार आहे. त्यात तुझं नाव पहिलं असेल, सोमाचं दुसरं. कुठल्या उतरणीवर, कुठल्या झाडावर, काय करताना पाहिला, सगळं. मग माझं नाव, आणि मी साहेबांना काय सांगितलं आणि कागदावर काय टाइप केलं, तेही पूर्ण. इतक्या वर्षांनंतर एका म्हाताऱ्या कारकुनावर ते विश्वास ठेवतील असं नाही. नाही ठेवला तर तो त्यांचा हक्क आहे. मी एकदा तरी खरं सांगितलेलं असेल.

पाठवण्याआधी ते पत्र देडतलाईला नेऊन सोमादादाला मोठ्याने वाचून दाखवीन. त्याच्या मुलासमोर, सुनेसमोर, अंगणात जे कोणी असतील त्या सगळ्यांसमोर. कुठे मी स्वतःला सांभाळून लिहिलंय असं त्याला वाटलं, तर तो भाग तिथेच खोडून पुन्हा लिहीन. तो ठीक आहे म्हणेल तेव्हाच टपालात टाकीन.

तुझ्या पाठीमागे दाराशी उभा राहिलेला,
मधू